‘तुझे राज्य येवो’ म्हणजे नेमकं कुठलं राज्य?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र वाचलं. ते शेजारच्या ख्रिस्ती घरी मयताला गेले होते, तिथं सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली, त्यातले ‘तुझे राज्य येवो’ हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि घरी आल्यावर पण डोक्यातनं गेले नाहीत. त्यांनी विचारलंय की आमच्या बेळगाव भागात राज्य म्हटलं की एक तर कर्नाटक नाहीतर महाराष्ट्र, मग ही माणसं तिसरं कुठलं राज्य मागतात आणि कुणाकडं मागतात? पुढं असंही लिहिलंय की ह्यांच्या ग्रंथाचं नावच जुना करार आणि नवा करार, म्हणजे देवाशी पण शेवटी व्यवहारच की. पत्रात कुठं वाकडेपणा नव्हता, माणसानं मनापासून विचारलंय, म्हणून मला पण मनापासून उत्तर द्यावंसं वाटलं. पत्र लांबलंय, जागेअभावी कुठंही कापा, पण शेवटचा शेताचा भाग तेवढा राहू दे.

मी खानापूर तालुक्यातली. आमच्या घरात आज्ज्यापासून सगळे चर्चला जातात. पोटासाठी म्हणाल तर गेली २२ वर्षं सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर एका बॉन्ड रायटरकडं बसून खरेदीपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र टाइप करते. कागद कन्नडात आणि समोर बसलेली म्हातारी मराठी, त्यामुळं टाइप एका भाषेत आणि समजावून सांगणं दुसऱ्या भाषेत, हे रोजचंच आहे. सांगायचं कारण एवढंच की करार हा शब्द सोमवार ते शनिवार माझ्या बोटांखालनं जातो आणि रविवारी परत हातातल्या पुस्तकात भेटतो, त्यामुळं त्या गृहस्थांचा प्रश्न मला कुणी माझ्याच टेबलासमोर बसून विचारल्यासारखा वाटला.

करार हा शब्द मराठीतल्या ख्रिस्ती ग्रंथांत पहिल्यापासून नव्हता. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा ओव्यांत छापली तेव्हा त्यांनी दोन भागांना पैलें पुराण आणि दुसरें पुराण अशी नावं दिली, आपल्या लोकांना पुराण हा शब्द जवळचा म्हणून. पुढं मराठी बायबलात करार रुजला, आणि नुसता करारच आला असं नाही, वतन आलं, विसार आला, शेताची मेर म्हणजे हद्द आली, सगळे आपले जमिनीचे शब्द. ज्यांनी कुणी हे शब्द निवडले त्यांना शेतकऱ्याच्या काळजातलं कळत होतं असं मला नेहमी वाटतं.

आता व्यवहाराचं बघू. आमच्याकडं खरेदीच्या कुठल्याही दस्ताच्या पहिल्या पानावर दोन पार्ट्या असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. दोघांच्या सह्या, दोघांचे अंगठे, दोघांचे फोटो, साक्षीदार, आणि एकानं शब्द फिरवला की दुसरा कोर्टात. मला पण संडे स्कूलच्या वयात वाटायचं की देवानं आणि माणसानं असाच एकमेकांना बॉन्ड लिहून दिलाय. ते चित्र मोडलं उत्पत्ती ह्या बायबलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायानं. अब्राहामाला, तेव्हा त्याचं नाव अब्राम होतं, देव म्हणतो की तुझ्या वंशाला हा देश देईन, आणि हा माणूस म्हातारा, पोटी मूल नाही, तो सरळ विचारतो की मला हे कळायचं कशावरनं. मग देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. जनावरं मधोमध कापून समोरासमोर मांडली, वरनं गिधाडं उतरायला लागली ती तो हाकलत बसला. त्या काळची पद्धत अशी होती की त्या तुकड्यांच्या मधनं चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं पण असंच होवो, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात ३४ व्या अध्यायात ह्या पद्धतीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण इथं काय झालं बघा. सूर्य मावळला, अब्रामाला गाढ झोप लागली, आणि त्या अंधारात एक धुमसणारी शेगडी आणि पेटती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधनं गेली. अब्राम गेलाच नाही. लिहून देणाऱ्यानं एकट्यानं सही केली आणि लिहून घेणारा झोपला होता.

२२ वर्षांत मी असा एक पण दस्त टाइप केलेला नाही. बक्षीसपत्र जवळचं म्हणता येईल, पण ते सुद्धा घेणाऱ्यानं स्वीकारावं लागतं.

जलप्रलयातनं वाचलेल्या नोहाचा करार त्याच्या पण आधीचा. तो तर नुसत्या माणसांशी नाही, पाखरं, गुरं, रानातली जनावरं सगळ्यांशी आहे, आणि त्याची खूण म्हणून आकाशातलं धनुष्य. त्यात देव म्हणतो की मी ते बघीन आणि मला आठवण होईल. आठवण ठेवायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात नद्यांनी काय केलं ते वाचकांना सांगायला नको, तेव्हा आमच्या प्रार्थनेला एका काकूनं उभं राहून विचारलं होतं की मग तो करार कुठं गेला? प्रश्न रास्त होता. त्या करारात सगळी पृथ्वी परत पाण्यानं नष्ट करणार नाही एवढंच आहे, मलप्रभेला पूर येणार नाही असं त्यात कुठंच नाही. करारात जेवढं लिहिलंय तेवढंच मागावं, जास्तीचं आपण मनानं घुसडलं की मग फसवलं म्हणून रडायची पाळी येते.

त्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. सीनाय डोंगरावर मोशेच्या हातून झालेला करार बराचसा आपल्या व्यवहारासारखाच आहे. तिथं लोक बोलले, परमेश्वरानं सांगितलेलं सगळं आम्ही करू. अर्धं रक्त वेदीवर, अर्धं लोकांवर शिंपडलं. पाळलं तर आशीर्वाद, मोडलं तर देशातनं हकालपट्टी, अटी शर्ती सगळ्या लिहून. आणि मोशे डोंगरावर ४० दिवस राहिला तेवढ्यात खाली सोन्याचं वासरू तयार झालं. पण येशूचा प्रेषित पौल गलतीकरांच्या मंडळीला लिहिताना एक मुद्दा काढतो जो आमच्या ऑफिसातल्या कुणालाही पटेल, की अब्राहामाचा करार आधी पक्का झाला, सीनायचं नियमशास्त्र ४३० वर्षांनी आलं, मग नंतरचा कागद आधीच्या कागदाला रद्द कसा करेल? आमच्याकडं रोज ह्याच्यावर भांडणं चालतात, कुठला दस्त आधीचा.

दावीद राजाचा करार मला मराठीत वाचायला फार आवडतो कारण त्यातला श्लेष आपल्या भाषेत आपोआप बसतो. दावीद म्हणतो मी देवासाठी घर बांधतो, आणि नाथान संदेष्ट्याच्या तोंडून उत्तर येतं की तू माझं घर बांधू नको, मीच तुझं घराणं उभं करीन, तुझं राजासन कायमचं राहील. घर आणि घराणं. आणि मग काय झालं? इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या म्हणजे बॅबिलोनच्या फौजेनं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, दाविदाच्या घराण्यातला शेवटचा राजा सिद्कीया, त्याच्या डोळ्यांसमोर त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले, बेड्या घालून नेलं. राजासन गेलं ते गेलंच. स्तोत्र ८९ वाचून बघा, अर्ध्यापर्यंत देवाच्या शब्दाची स्तुती आणि तिथनं पुढं सरळ सरळ तक्रार की तूच करार मोडलास, मुकुट धुळीत घातलास. पवित्र ग्रंथात देवाविरुद्ध एवढं उघड गाऱ्हाणं ठेवलंय ह्याचं मला लहानपणी नवल वाटायचं, आता वाटतं की ते ठेवलं म्हणूनच पुढचं खरं वाटतं. कारण ‘देवाचं राज्य येणार’ ही आशा ह्या गाऱ्हाण्यातनंच मोठी झाली. दिलेला शब्द आहे, समोर राख आहे, म्हणजे शब्द अजून पुरा व्हायचाय.

ह्याच राखेच्या दिवसातला यिर्मया. त्याच्या ३१ व्या अध्यायात नव्या कराराचं वचन आहे, की नियम आता त्यांच्या हृदयावर लिहीन, लहानथोर सगळे मला ओळखतील, आणि त्यांचं पाप मी परत आठवणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर निल ईसी, म्हणजे जमिनीवर कसलाही बोजा शिल्लक नसल्याचा दाखला. हा अध्याय बऱ्याच लोकांना पाठ असतो. पण लगेच पुढचा, ३२ वा, तो कुणी वाचत नाही आणि मला तर तोच जास्त जवळचा आहे. बाहेर बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथचं माझं शेत घे, हक्क तुझा आहे. शहर पडणार हे यिर्मयानंच सगळ्यांना सांगितलेलं. तरी तो ते शेत घेतो! १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख ह्याला सांगतो की दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत, कारण ह्या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

माझ्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला एक प्लास्टिकची पिशवी आहे, तिला सुतळी बांधलेली, आत डांबराच्या गोळ्या, आणि आमच्या शेताचे कागद. घडीवरनं फाटलेत, कडा पिवळ्या झाल्यात, १९७४ च्या कायद्यानंतर आज्ज्यानं फॉर्म नंबर ७ भरला आणि कुळाची जमीन मालकीची झाली त्या वेळचे. आई लिहायला वाचायला शिकलेली नाही पण पावसाळा संपला की दरवर्षी ती पिशवी उन्हात ठेवते, बाजूला स्वतः बसून राहते, उडून जातील म्हणून. यिर्मयाचं मडकं वाचलं की मला ती पिशवी दिसते.

आता येशू. शेवटच्या जेवणाच्या रात्री त्यानं प्याला घेतला आणि हा माझ्या रक्तातला नवा करार असं म्हणाला, यिर्मयाचेच शब्द. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत इथं जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, एक करार आणि दुसरा मृत्युपत्र, आणि इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात लिहिणारा ह्या दोन्ही अर्थांचा उपयोग करतो, की मृत्युपत्र करणारा मेल्याशिवाय ते लागू होत नाही. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मृत्युपत्र घेऊन किती तरी लोक येतात, जिवंतपणी त्या कागदाला काही जोर नसतो, फिरवता येतो, फाडता येतो, आणि माणूस गेला की त्यातला शब्द न शब्द पक्का. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाकडं बघून रडतो आणि त्याच वेळी धीर पण घेतो तो ह्याच्यासाठी. शब्द आता फिरायचा नाही.

मग राज्य कुठंय? येशूनं त्याचं काम सुरू केलं तेच ‘देवाचं राज्य जवळ आलंय’ असं सांगून. मोहरीचा दाणा, पिठात घातलेलं खमीर, रात्री शेतकरी झोपलेला असताना उगवणारं बी, असले दाखले दिले. रोमी सुभेदार पिलातानं तू राजा आहेस काय म्हणून विचारलं तेव्हा माझं राज्य ह्या जगातलं नाही म्हणाला, असतं तर माझे लोक लढले असते. म्हणजे आलंय पण आणि यायचं पण आहे, हे कसं? इथं मला तो विसार शब्द कामाला येतो. इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो पवित्र आत्मा हा आमच्या वतनाचा विसार आहे. आमच्याकडं विसार कधी देतात? सौदा ठरला, रक्कम ठरली, पुढची तारीख पडली, तोपर्यंत घेणाऱ्यानं थोडी रक्कम देऊन शब्द बांधायचा. इथं उलटं, देणाराच विसार देतोय. वतन आपलं झालंय, ताबा बाकी आहे. त्या मयताला जमलेली माणसं ‘तुझे राज्य येवो’ म्हणत होती ती ताबा मागत होती, समोर मेलेलं माणूस आहे, घरात रडारड आहे, आणि प्रकटीकरण ह्या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटाला वचन आहे की तो त्यांच्या डोळ्यांचं सगळं पाणी पुसेल, मरण राहणार नाही, ते कधी? तेच मागत होती.

सीमेचा प्रश्न त्या गृहस्थांनी काढला आणि मला वाटतं त्यांच्या नकळत बरोबर जागी बोट ठेवलं, कारण येशूच्या शिष्यांनी पण हाच प्रश्न विचारलाय. तो मेलेल्यांतनं उठला, ४० दिवस त्यांच्याशी देवाच्या राज्याबद्दल बोलला, आणि एवढं ऐकून ह्यांचा प्रश्न काय, तर प्रभू, आता इस्राएलाचं राज्य परत देणार काय? वर रोमी सरकार होतं, स्वतःचं राज्य गेलेलं, जीव तुटत होता, १९५६ पासून इथं राहणाऱ्या मराठी माणसाला त्यांचा जीव का तुटला हे दुसऱ्यानं सांगायला नको. महाजन आयोग येऊन गेला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, माझा बाप त्याची वाट बघत गेला. येशू त्यांना रागावला नाही. काळ वेळ पित्यानं स्वतःकडं ठेवलीय ती तुम्हाला कळायची नाही म्हणाला, आणि यरुशलेम, यहूदीया, शोमरोन, पृथ्वीच्या टोकापर्यंत जा म्हणाला. शोमरोन म्हणजे ज्यांच्याशी ह्यांचं पाणी चालत नव्हतं तो मुलूख, पहिल्या यादीतच घातला.

ह्याचा अर्थ भाषेला किंमत नाही असा कुणी काढू नका. माझ्या आईला तिच्या शेताचा कागद तिच्या भाषेत मिळायला पाहिजे, हे मी म्हणतच राहणार. आणि देवाच्या राज्याचं जे दर्शन योहानाला झालं त्यात सगळ्या राष्ट्रांचे, वंशांचे आणि सगळ्या भाषा बोलणारे लोक उभे आहेत, तिथं पण भाषा पुसलेल्या नाहीत. आमच्याकडं नाताळाच्या सुमाराला एकत्र प्रार्थना होते तेव्हा तीन भाषा एकदम चालतात. आम्ही ‘तुझे राज्य येवो’, पलीकडचे ‘निन्न राज्यवु बरलि’, आणि मागं कोकणी बोलणारी कॅथलिक मंडळी ‘तुजें राज आमकां येंव’. राज्य हा शब्द तिघांचा जवळपास एकच, तिथं येईपर्यंत सगळे पुढं मागं झालेले असतात, त्या शब्दाला एकत्र येतात. बाहेर १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापना दिवशी, ह्याच शब्दासाठी एका बाजूला लाल पिवळे झेंडे आणि दुसऱ्या बाजूला काळ्या फिती, आणि आत हा आवाज. मी ह्या आवाजात लहानाची मोठी झाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांना जागा होती, त्यांनी पण राज्याच्या जवळचाच शब्द निवडला आणि दार उघडं ठेवलं.

आता आमच्याच लोकांना एक सांगायचंय, पेपरातनं सांगते कारण चर्चमध्ये सांगून झालं. गेल्या वर्षी आमच्या भागात बाहेरनं एक वक्ते आले होते, पडद्यावर मोठा तक्ता, त्यावर सगळे करार रांगेनं, बाण, वर्षं, आणि शेवटी प्रभू कधी येणार त्याचा हिशोब. प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याचं लिहिलंय, त्यावर मंडळीत पहिल्यापासून मतं वेगळी आहेत. काही म्हणतात ख्रिस्त आधी येणार आणि मग पृथ्वीवर खरोखरची हजार वर्षं राज्य करणार, काही म्हणतात ती संख्या लाक्षणिक, ते राज्य आत्ताच चालू आहे, संत ऑगस्टीन साधारण असंच मानायचे आणि कॅथलिक चर्च पण हजार वर्षांचं जगातलं राज्य शिकवत नाही. ह्यात प्रामाणिक माणसं दोन्हीकडं आहेत, भांडायचं कारण नाही. पण तारीख? अमेरिकेत विल्यम मिलरच्या मागं हजारो लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघितली, शेतातली पिकं पण काही जणांनी काढली नाहीत, आणि २३ तारीख उजाडली. मार्काच्या १३ व्या अध्यायात तो दिवस पुत्राला सुद्धा माहीत नाही असं असताना तक्त्यावर तो कुठनं आला? आमच्यातल्या एका ताईनं तो तक्ता बघून मुलीच्या नर्सिंगची फी भरायची थांबवली, म्हणाली कशाला आता, दोन वर्षांत सगळं संपणारच हाय. मी तिच्या घरी गेले, यिर्मयाचा ३२ वा अध्याय वाचून दाखवला, वेढा पडलेला असताना शेत घेणारा माणूस. ती बराच वेळ गप्प होती. यंदा फी भरलीय, पण पोरीचं एक वर्ष गेलं ते गेलं, आणि त्या वक्त्यांना हे माहीत सुद्धा नाही.

तसंच देशाच्या वचनाचं. अब्राहामाला नदीपासून नदीपर्यंत देश देईन म्हटलंय म्हणून १९४८ नंतरच्या इस्राएल सरकारनं काहीही केलं तरी ते शास्त्र पूर्ण होणं, असं मानणारे आमच्यात बरेच आहेत. काही चर्चमध्ये तसं शिकवतात पण. मी त्यांच्यातली नाही. अब्राहामानं त्या देशात स्वतःच्या नावावर एकच जमीन केली, बायकोला पुरायला मखपेलाचं शेत, एफ्रोन हित्तीकडनं ४०० शेकेल मोजून, वेशीत सगळ्यांसमोर, शेत आणि गुहा आणि हद्दीतली झाडं धरून, अगदी आमच्या दस्तात लिहितात तसं. फुकट दिलं जात होतं तरी त्यानं पैसे मोजले. वचन देवाचं होतं म्हणून दुसऱ्याच्या जमिनीत खांब रोवला नाही. आणि त्याला मिळालेलं पहिलं वचन तर पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना तुझ्यामुळं आशीर्वाद मिळेल असं आहे. पडलेल्या घरांचे आणि मेलेल्या लेकरांचे व्हिडिओ ‘भविष्यवाणी पूर्ण होत आहे’ म्हणून ग्रुपवर येतात ना, ते बघून माझ्या पोटात कालवतं. ते टाकणाऱ्यांनी मखपेलाचा अध्याय एकदा वाचावा, उत्पत्ती २३.

शेताचं सांगते म्हटलं होतं. आज्ज्याची ती कुळाची जमीन बाबा आणि काकांच्यात वाटली गेली, मध्ये बांध आणि बांधाच्या दोन्ही टोकांना हद्दीचे दगड. बाबा गेल्यावर दर पावसाळ्यात नांगरताना बांध आमच्या बाजूनं थोडा थोडा उतरायला लागला. पहिल्यांदा लक्षात आलं नाही, मग एका वर्षी वरच्या टोकाचा दगड जागेवर नव्हता, चार पावलं आत आमच्या भातात उभा, त्याच्या बुडाची माती ताजी लाल, आणि जुन्या जागी चौकोनी खड्डा, त्यात पावसाचं पाणी साठलेलं. मोजणी केली तर दोन गुंट्यांच्या वर गेलंय. काका दर रविवारी पुढच्या बाकावर असतात, त्यांचा आवाज मोठा आहे, प्रार्थना त्यांच्याच तोंडून सुरू होते. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, अगं देवाचं राज्य आल्यावर कुणाला पाहिजेत दोन गुंटे?

मी म्हटलं, मग काका, दगड होता तिथं ठेवा की.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तुझ्या शेजाऱ्याची मेर सरकवू नको असं आहे आणि २७ व्या अध्यायात मेर सरकवणाऱ्याला शाप आहे, सगळ्या लोकांनी त्यावर आमेन म्हणायचं. लेवीय ह्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात तर देव म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडं उपरी, आणि दर ५० व्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडं परत. येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून यशयाचा जो भाग वाचतो तो त्या सुटकेच्या वर्षाचाच आहे, गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. म्हणजे राज्य येणार म्हणून मेर सरकवली तरी चालते असं नाही, राज्य येणार म्हणूनच ती सरकवायची नाही. माझा भाऊ केस घालू म्हणतोय. आई नको म्हणते. ती म्हणते त्यांचं पण वय झालंय, त्यांनाच हातानं दगड परत ठेवू दे, आपण थांबू. मी अजून ठरवू शकलेले नाही, काकांशी बोलणं सुरू ठेवलंय, आणि रविवारी ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं तो पाणी साठलेला खड्डा येतो, दर वेळी.

त्या गृहस्थांना एकच विनंती, ज्या घरी ते मयताला गेले होते तिथं चाळीस दिवसांनी परत प्रार्थना असेल तर जरूर जा आणि हाच प्रश्न घरच्या कुणाला तरी विचारा, ते रागावणार नाहीत. आणि खानापूरला सब-रजिस्ट्रार ऑफिसकडं काही कामानं येणं झालं तर बाहेर बॉन्ड रायटरच्या रांगेत खिडकीपाशी टाइप करत बसलेली मीच. टेबलाच्या खणात बायबल असतं, यिर्मया ३२ ला खूण घातलेली आहे.

आपली,
एक वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव